रशियात टॉवेल विकायचेत? आधी पेवेझेचा काउंटर समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरला अक्कलकोट रोडवर घरचा यंत्रमागाचा कारखाना आहे, टेरी टॉवेल निघतात. मावसभाऊ कझानला मेडिकलला आहे. तो सांगतो की तिथे दुधापासून गाडीच्या टायरपर्यंत सगळं लोक मोबाइलवर मागवतात आणि आयकिया गेल्यापासून घरगुती कापडाला मोठी जागा रिकामी झाली आहे. तर आपण थेट तिथल्या ऑनलाइन बाजारात टॉवेल लावावेत का, आणि किती भांडवल लागेल?

मी घरगुती कापडाच्या निर्यातीत २०११पासून आहे. रशियाचं काम २०१६ला सुरू केलं, मॉस्कोजवळच्या एका भागीदारामार्फत. टॉवेल, किचन नॅपकिन आणि थोड्या चादरी एवढाच आमचा माल. मी सांगतोय ते याच मालापुरतं धरा. मसाले, सौंदर्यप्रसाधनं किंवा तयार कपडे असते तर अर्धं उत्तर बदललं असतं.

तुमच्या भावाने सांगितलेलं खोटं नाही. पण बाजार वाढतोय की नाही, हा तुमचा खरा प्रश्नच नाही. गिऱ्हाइकाने माल नाकारला तर तो माल त्या क्षणी कोणाच्या नावावर असतो आणि रशियाच्या कागदावर आयातदार कोण, हा खरा प्रश्न. या दोन गोष्टींची उत्तरं मिळाली की भांडवलाचा आकडा आपोआप निघतो.

आधी वाढीबद्दल. ओझोन आणि वाइल्डबेरीज हे तिथले दोन मोठे ऑनलाइन बाजार. ओझोन १९९८ साली सेंट पीटर्सबर्गला पुस्तकांचं दुकान म्हणून सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रूबल कोसळला आणि लोकांच्या ठेवी बुडाल्या. वाइल्डबेरीज २००४ची. तात्याना बकालचुक (आता किम) या इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी बाळंतपणाच्या रजेत, मॉस्कोतल्या घरातून, जर्मन कॅटलॉगमधले कपडे मागवून विकायला सुरुवात केली. या दोन्हींच्या सुरुवातीच्या काळात गिऱ्हाईक एक गोष्ट सोडायला तयार नव्हतं: आधी वस्तू हातात, मग पैसे. नव्वदच्या दशकात ज्यांनी बँका बुडताना पाहिल्या ते अनोळखी दुकानाला आगाऊ पैसे का देतील? माझ्या मते आजच्या सगळ्या रचनेचं मूळ या अविश्वासात आहे. कंपन्यांनी तो मोडून काढायचा प्रयत्न केला नाही, त्याच्याभोवती धंदा बांधला.

मग २०२०च्या मार्चअखेरीस लॉकडाउनसारखे निर्बंध आले आणि जी माणसं कधीच ऑनलाइन घेत नव्हती तीही आली. २०२२मध्ये आयकिया, झारा, एच अँड एम बंद झाले आणि व्हिसा-मास्टरकार्डने काम थांबवलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं की आता ऑनलाइन व्यापार बसणार. झालं उलटंच. देशातली व्यवहारयंत्रणा आधीच उभी होती: मीर कार्ड २०१५पासून, बँकेतून बँकेत झटपट पैसे पाठवायची सोय २०१९पासून (आपल्या यूपीआयसारखी). मॉलमधली दुकानं गेली, तसा गिऱ्हाईक फोनकडे वळला. तिथल्या इंटरनेट व्यापार कंपन्यांच्या संघटनेच्या हिशोबात २०१९ची ऑनलाइन विक्री २ लाख कोटी रूबलच्या आसपास होती, २०२३ची ६.४ लाख कोटी. यात महागाईही मिसळली आहे हे विसरू नका. तरी वाढ खरी आहे आणि ती मॉस्कोपेक्षा लहान गावांत जास्त जाणवते. ज्या गावात बऱ्या टॉवेलचं एकही दुकान नव्हतं, तिथल्या बाईला आता लाखभर टॉवेलांतून निवड करता येते.

आता पेवेझे. रशियन भाषेत 'ऑर्डर हातात देण्याचं ठिकाण' या शब्दांची ही आद्याक्षरं. हे नीट समजल्याशिवाय पुढचा हिशोब कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे ऑनलाइन म्हटलं की दारात येणारा पोऱ्या डोळ्यांसमोर येतो. तिथे मोठा भाग घरपोच नसतोच. प्रत्येक वस्तीत, उंच इमारतींच्या तळमजल्यावर, एकेका गाळ्यात हे काउंटर असतात. चालवणारे बहुतेक छोटे व्यावसायिक, प्लॅटफॉर्मकडून उलाढालीवर टक्केवारी घेणारे. मागे रॅक, पुढे टेबल, वर कॅमेरा, कोपऱ्यात पडदा लावलेली कपडे घालून पाहायची जागा आणि आरसा. रोजच्या भाजीसारखं लोक संध्याकाळी कामावरून येता येता तिथे डोकावतात.

२०२३च्या हिवाळ्यात मॉस्कोलगतच्या ल्युबेर्त्सीला मी अशा एका काउंटरवर भागीदारासोबत तासभर उभा होतो. एक बाई आल्या, मुलाची घसरगाडी दाराशी ठेवली, फोनवरचा कोड दाखवला. काउंटरवरच्या मुलाने आमच्याच मालाची तीन पाकिटं आणून ठेवली. एक राखाडी, एक निळं, एक पीच रंगाचं. त्यांनी पहिलं उघडलं, टॉवेल मुठीत दाबला, कड उलटी करून शिवण पाहिली, नाकाशी नेला. मग निळा घेऊन खिडकीपाशी गेल्या, कारण ट्यूबलाइटखाली रंग कळेना. परत आल्या, राखाडी पिशवीत टाकला आणि दोन पाकिटं टेबलावरून मुलाकडे सरकवली. मुलाने स्कॅन केली, बाई गेल्या. सगळं मिळून चार मिनिटं. कारण कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नाही. दूरविक्रीच्या वस्तूला माल हातात येईपर्यंत कधीही, आणि आल्यावर सात दिवसांत नकार देण्याचा हक्क तिथल्या ग्राहक कायद्याने दिलेला आहे.

त्या चार मिनिटांचा अर्थ असा की मोबाइलवर बटण दाबलं तेव्हा विक्री झाली नव्हती. ती काउंटरवर झाली, तीनातल्या एकाचीच. उरलेले दोन टॉवेल परत गोदामात. त्यांच्या जाण्याचं भाडं लागलं होतं, आता येण्याचं लागलं, आणि दोन्ही विक्रेत्याच्या खात्यातून गेलं. तिथले विक्रेते ऑर्डरींचा आकडा फारसा बोलत नाहीत, 'विकुप' बोलतात. विकुप म्हणजे शंभर ऑर्डरींपैकी किती माल गिऱ्हाईक खरोखर घेऊन गेलं ते. कपड्यांत हा आकडा फार खाली असतो, कारण लोक दोन-तीन मापं मागवून एक ठेवतात. टॉवेलला माप बसण्याचा प्रश्न नसल्याने तुम्ही बऱ्या जागी आहात. टॉवेल नाकारला जातो तो रंग आणि जाडी या दोनच कारणांनी.

हिशोब करून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत, माल आणि हंगामाप्रमाणे बदलतील. ७० बाय १४० सेंटीमीटरचा, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल साधारण ४४० ग्रॅम भरतो. समजा तो ५०० रूबलला गेला. कमिशन, वाहतुकीचं भाडं, गोदामाचं भाडं, प्लॅटफॉर्मवरची जाहिरात आणि नाकारलेल्या मालाची ये-जा हे सगळं धरून माझ्या अनुभवात निम्मे पैसे तिथेच राहतात. उरलेल्या २५०मधून भागीदाराचा नफा, व्हॅट (२०२६पासून तो २० ऐवजी २२ टक्के), सीमाशुल्क, न्हावा शेवापासूनचं भाडं आणि कागदपत्रं. सोलापूरच्या फाटकापर्यंत शंभराच्या आसपास रूबल पोचले तर बरं म्हणायचं. रूबल आणि रुपया सध्या जवळपास असल्याने तुम्हाला सरळ तुलना करता येईल: ४४० ग्रॅमच्या टॉवेलला इथला व्यापारी किलोच्या भावाने काय देतो? फरक फार नसेल तर मावसभावाचा उत्साह बाजूला ठेवा.

'मग थेट पार्सल पाठवू, आयातदार कशाला?' असं तुम्ही लिहिलंय. रशियात १ एप्रिल २०२४पासून परदेशी पार्सलला २०० युरो आणि ३१ किलोपर्यंत शुल्क नाही, हे खरं. चिनी विक्रेत्यांना ते परवडतं, कारण त्यांच्याकडे सीमेपासूनची स्वस्त वाहतूक आणि हलका, महाग माल आहे. टॉवेल जड आणि स्वस्त. इथून एकेक टॉवेल पाठवला तर टपालखर्च टॉवेलपेक्षा जास्त होतो. हा रस्ता तुमच्या मालासाठी नाही.

आता कागदांकडे. सगळ्यात जास्त माल इथे अडकतो, म्हणून सविस्तर लिहितो. रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किर्गिझस्तान यांचा एक सीमाशुल्क संघ आहे आणि कापडाला त्याचा तांत्रिक नियम ०१७/२०११ लागतो. त्याप्रमाणे चाचणी करून अनुरूपतेची घोषणा (माल नियमात बसतो असं सांगणारा कागद) घ्यावी लागते, मगच मालावर ईएसीची, म्हणजे संघाच्या नियमात बसल्याची, खूण लावता येते. ही घोषणा संघात नोंदलेल्या कंपनीच्याच नावाने निघते, सोलापूरच्या फर्मच्या नावाने नाही. लहान मुलांचे टोपीवाले टॉवेल करणार असाल तर नियम वेगळा, ००७/२०११, आणि तो जास्त कडक. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

दुसरं म्हणजे 'चेस्नी झ्नाक', शब्दशः प्रामाणिक खूण. प्रत्येक नगावर वेगळा चौकोनी कोड, कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत त्याची नोंद. पादत्राणांना हे २०२०च्या जुलैत लागलं आणि १ जानेवारी २०२१पासून बिछान्याचं, टेबलाचं, न्हाणीघराचं आणि स्वयंपाकघराचं कापड त्यात आलं. म्हणजे टॉवेल आलाच. कोड मागवायचा तो रशियातल्या नोंदणीकृत आयातदाराने, त्याच्या डिजिटल सहीने. तो फाइल पाठवतो, आपण छापून नगावर लावायचे, आणि माल सीमाशुल्कातून सुटायच्या आत ते लागलेले असायला हवेत.

यात माझा स्वतःचा माल एकदा अडकला आहे. एका कंत्राटदाराकडून पॅकिंग करून घेतलं. त्याने कोड चकचकीत पिशवीच्या घडीवर चिकटवले. घडीवर कोड वाकला, तिथल्या गोदामातल्या स्कॅनरने तो वाचलाच नाही. दोन हजार नग बाजूला काढले गेले आणि एकेक पिशवी उघडून पुन्हा लेबल लावावं लागलं, तेही तिथल्या मजुरीने. ८ मार्चचा हंगाम हातचा गेला. तेव्हापासून आमचा नियम आहे: कोड जाड कागदाच्या पट्टीवर, पट्टी टॉवेलभोवती, सपाट बाजू वर, आणि कार्टन बंद करण्यापूर्वी दर पन्नासातला एक साध्या मोबाइलने स्कॅन करून पाहायचा. रचना, मूळ देश आणि धुण्याच्या खुणा रशियन भाषेत, शिवलेल्या लेबलवर. भाषांतर भागीदाराकडूनच तपासून घ्या.

८ मार्चचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तिथे टॉवेलचा जोड ही भेट द्यायची वस्तू आहे. नवीन वर्ष, २३ फेब्रुवारी (पुरुषांना) आणि ८ मार्च (बायकांना) या तीन तारखांभोवती मागणी फुगते. यातल्या शेवटच्या दोन तारखांसाठी माल जानेवारीत गोदामात हवा. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात देशभर सुट्टी असते, कागद हलत नाही. समुद्रमार्गाला, मग सुएझमधून काळ्या समुद्रावरचं नोव्होरोसिस्क असो की इराणमधल्या बंदर अब्बासहून कॅस्पियन ओलांडून आस्त्राखान, मी दीड ते दोन महिने धरूनच चालतो. म्हणजे ८ मार्चचा टॉवेल दिवाळीच्या सुमारास मागावरून उतरलेला असायला हवा. सोलापुरात तेव्हा कामगार गावी गेलेले असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पैशांचं काय? २०२२च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यवहार करण्यासाठी विशेष व्होस्ट्रो खात्यांची (परदेशी बँकेने भारतीय बँकेत उघडलेली रुपयातली खाती) सोय केली आणि आमची पेमेंट आता त्याच मार्गाने येतात. तुमच्या बँकेच्या परकीय चलन विभागाला आधी भेटा. काही शाखा रशियाचं नाव ऐकूनच मागे सरतात, तेव्हा करार करण्याआधी बँक तयार आहे का ते लेखी घ्या. समोरच्या कंपनीवर आणि तिच्या बँकेवर निर्बंध आहेत का हेही बँकेकडून तपासून घ्या. किंमत रुपयात ठरवा. रूबल किती हलतो ते एका वर्षात दिसलं: मार्च २०२२मध्ये डॉलरला शंभराच्या पलीकडे, जूनअखेरीस पन्नाशीत.

उधारीबद्दल मी आग्रहाने सांगेन. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर २१ टक्क्यांवर नेला होता. पुढे तो उतरत गेला, तरी आपल्या मानाने फारच जास्त. तिथल्या छोट्या आयातदाराला बँकेचं कर्ज परवडत नाही, म्हणून तो तुमच्याकडे बघतो: नव्वद दिवस द्या, माल विकला की पैसे देतो. हे मान्य केलंत तर त्याचं व्याज तुम्ही भरताय, आणि नाकारलेला प्रत्येक टॉवेल पुन्हा तुमच्या नावावर आला. मी सुरुवातीला निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या कागदाच्या) प्रतीवर, याच्या खाली गेलो नाही. त्यामुळे दोन भागीदार सुटले. तिसरा टिकला आणि आजही आहे.

आता प्रत्यक्ष टॉवेल. इथे तुम्हाला कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त कळतं, फक्त तिथली मापं आणि सवयी सांगतो. आपला ३० बाय ६० इंची टॉवेल तिथे मधलाच कुठला तरी वाटतो. चालतात ती मापं ५० बाय ९० आणि ७० बाय १४० सेंटीमीटर. एका कडेला टांगायला छोटी शिवलेली पट्टी असावी. आमच्या भागीदाराने ती मागितली तेव्हा मला खर्च वायफळ वाटला होता, पण पट्टीचा माल जास्त उचलला गेला. शांत रंग चालतात: राखाडी, दुधी, मातकट हिरवा. फोटो काढताना रंग खुलवू नका, नाहीतर ल्युबेर्त्सीच्या खिडकीपाशी तो फसतो.

सगळ्यात मोठा धोका लिंटचा, म्हणजे टॉवेलमधून सुटणाऱ्या तंतूंचा. तिथली गिऱ्हाइकं अभिप्रायाबरोबर फोटो टाकतात आणि पुढची गिऱ्हाइकं ते फोटो खरंच पाहतात. आमच्या एका लॉटमध्ये पाइल (टॉवेलवरचे दोऱ्याचे फासे) ओपन-एंड, म्हणजे स्वस्त कताईच्या, सुताचा होता आणि धुलाईत घाई झाली. एका बाईंनी काळ्या टीशर्टचा फोटो टाकला, सगळ्या टीशर्टवर पांढरे तंतू चिकटलेले. खाली एकच तारा. तो फोटो महिनोन्‌महिने पहिल्या पानावर राहिला आणि त्या रंगाचा विकुप पुन्हा सावरला नाही. आम्ही शेवटी ते उत्पादनच बंद करून नव्या नावाने, रिंगच्या (घट्ट पिळाच्या) सुताचा माल लावला. म्हणून पाठवण्यापूर्वी स्वतःच्या घरी काळ्या कपड्याबरोबर तीनदा धुऊन बघा.

स्पर्धा तुर्की, उझबेक, तुर्कमेन मालाशी आहे आणि रशियाच्या इव्हानोव्होशीही, ते त्यांचं जुनं कापडाचं शहर. आयकियाची रिकामी जागा याच लोकांनी २०२२ आणि २०२३मध्ये भरली. ती जागा अजून तुमची वाट बघत असेल असं मला वाटत नाही. पण भारतीय सुती मालाला तिथे मान आहे. पाकिटावर 'भारत' मोठं लिहा, आमचा तरी अनुभव चांगला आहे.

प्लॅटफॉर्म आणि विक्रेते यांच्यातही ताण आहे. २०२३च्या मार्चमध्ये दंडांविरुद्ध पेवेझे चालवणाऱ्यांनी काउंटर बंद ठेवले होते. विक्रेत्यांची तक्रार अशी की प्लॅटफॉर्म परस्पर सवलती लावतो आणि नियम एका रात्रीत बदलतो. ३१ जुलै २०२५ला तिथे प्लॅटफॉर्मसंबंधी कायदा मंजूर झाला, लागू होण्याची तारीख १ ऑक्टोबर २०२६. त्याने विक्रेत्याची बाजू थोडी बळकट होईल अशी आशा आहे, पण त्या आशेवर आजचा भाव ठरवू नका.

तर तुमच्या जागी मी असतो तर स्वतः तिथे दुकान लावलं नसतं. तिथल्या चालू विक्रेत्याचा पुरवठादार झालो असतो. आयातदार तो, घोषणा त्याच्या नावाची, कोड त्याचे, नाकारलेला माल त्याचा. तुम्हाला नफा कमी मिळेल, पण झोप लागेल. वर्षभरात दोन-तीन लॉट नीट गेले, त्याचा विकुप तुम्हाला दर महिन्याला दाखवायची त्याची तयारी असली, की मग भागीदारीत उतरायचं की नाही ते ठरवा. हा आकडा जो विक्रेता दाखवत नाही त्याच्याशी पुढे जाऊ नका.

भांडवलाचा आकडा म्हणून सध्या एवढंच धरा: दोन मापं, तीन रंग, मिळून हजार ते दीड हजार नग. पूर्ण कंटेनर नको, दुसऱ्याच्या मालाबरोबर भाग घ्या. आणि मावसभावाला एक काम सांगा. कझानमध्ये त्याच्या होस्टेलजवळच्या पेवेझेतून ५०० ते ७०० रूबलच्या भावातले, सगळ्यात जास्त अभिप्राय असलेले चार टॉवेल मागवायचे. एक तुर्की, एक उझबेक, एक इव्हानोव्होचा, एक भारतीय मिळाला तर तो. सुट्टीत येताना बॅगेत आणायला सांगा. कारखान्यात वजन करा, पाइलची उंची मोजा, सूत उकलून बघा, आणि त्याच भावात तुम्हाला तो टॉवेल काढता येतो का ते सांगा. वजन आणि सुताचा काउंट (सूत किती बारीक तो आकडा) इथे लिहिलात तर पुढचा हिशोब मी मांडून देईन.